पहिला क्रमांक कसा ठरतो

कुठल्याही स्पर्धेच्या नियमपत्रिकेतलं शेवटचं कलम बहुधा एकच असतं: परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. त्याच्या वरच्या कलमांत वेळ, कलावंतांची संख्या, प्रवेश शुल्क, ओळखपत्र यांचा बारीक तपशील असतो. परीक्षक कोण, त्यांना कुणी नेमलं, ते गुण कसे देणार, तिघांचं एकमत झालं नाही तर काय करणार, याबद्दल बहुतेक पत्रिका गप्प असतात. निकाल लागला की ज्याला बक्षीस मिळालं तो 'परीक्षक जाणकार होते' म्हणतो, ज्याला मिळालं नाही तो 'सेटिंग होती' म्हणतो, आणि दोघंही दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागतात. निकाल प्रत्यक्षात तयार कसा होतो, हा मधला प्रश्न तसाच पडून राहतो. माझं म्हणणं असं, की निकालाचा बराच भाग पडदा वर जाण्याआधीच ठरलेला असतो. लबाडी क्वचित असते. रचना मात्र प्रत्येक वेळी असते, आणि तीच अधिक काम करते.

जालना जिल्ह्यात बसून पाहिलं तर या रचनेचा सगळ्यात गजबजलेला नमुना म्हणजे युवक महोत्सव. अंबड, परतूर, मंठा, भोकरदन, जाफराबाद, बदनापूर, घनसावंगी आणि खुद्द जालना इथली महाविद्यालयं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. विद्यापीठाच्या केंद्रीय युवक महोत्सवात ती छत्रपती संभाजीनगर, बीड आणि धाराशिवच्या महाविद्यालयांसमोर उभी राहतात. तिथून पुढची वाट राजभवनाच्या पुढाकाराने २००३ पासून भरणाऱ्या 'इंद्रधनुष्य'कडे आणि भारतीय विद्यापीठ संघाच्या विभागीय, राष्ट्रीय स्पर्धांकडे जाते. संघाचे नियम काटेकोर आहेत. एकांकिका ३० मिनिटांची, कलावंत जास्तीत जास्त ९. प्रहसन १० मिनिटांचं, कलावंत ६. मूकअभिनयाला ५ मिनिटं आणि कलावंत प्रहसनाएवढेच, ६. घड्याळ आणि डोकी मोजता येतात म्हणून ती नियमांत येतात. जे मोजता येत नाही ते परीक्षकाच्या मांडीवरच्या गुणतक्त्यात जातं: संहिता, अभिनय, दिग्दर्शन, नेपथ्य, आणि शेवटचा रकाना 'एकूण परिणाम'.

हा शेवटचा रकाना नीट पाहण्यासारखा आहे. बाकीचे रकाने कसे भरले याचं काही ना काही कारण सांगता येतं. 'एकूण परिणाम' कारण मागतच नाही. मनातला क्रमांक आणि बेरजेतला क्रमांक यांचा मेळ बसेना की परीक्षकाचा हात याच रकान्याकडे वळतो. हे चूक आहे असं मी म्हणणार नाही. नाटकात प्रत्येक अंग बेताचं असून प्रयोग उभा राहतो, आणि प्रत्येक अंग चकचकीत असून प्रयोग मेलेला असतो, हे नाटक पाहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. पण मग गुणांना जी वस्तुनिष्ठतेची झूल घातली जाते ती उतरवून ठेवावी. तक्ता हा परीक्षकाच्या पसंतीचा हिशेब आहे. पसंती आधी येते, हिशेब मागून.

दुसरी गोष्ट क्रमाची. महोत्सवात एकेका रंगमंचावर सकाळपासून प्रयोगामागून प्रयोग होत राहतात. पहिल्या संघाच्या वेळी परीक्षक हात आखडता घेतो, कारण पुढे काय येणार हे त्याला माहीत नसतं. पहिल्यालाच ८५ देऊन बसलो आणि मागून त्याहून सरस काही आलं तर जागा उरणार नाही, ही धास्ती. संध्याकाळपर्यंत मोजपट्टी बसलेली असते, हातही सैल होतो. हा केवळ हरलेल्या संघांचा समज नव्हे. ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ पियानो स्पर्धा जगातल्या कठीण स्पर्धांपैकी एक. अंतिम फेरीत १२ वादक, रोज दोघं, असे सहा दिवस. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. फ्लोरेस आणि जिन्सबर्ग या अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये या स्पर्धेच्या अनेक वर्षांच्या निकालांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांच्या वाट्याला वरचे क्रमांक येण्याची शक्यता कमी असते, असं त्यातून दिसलं. जिन्सबर्ग यांनी व्हान अवर्स यांच्यासह २००३ मध्ये आणखी पुढची गोष्ट दाखवली: वरचा क्रमांक मिळालेल्यांचं पुढचं करिअर अधिक फळफळतं, आणि तो क्रमांक काही अंशी चिठ्ठीच्या नशिबाने आलेला असला तरी फळफळतं. म्हणजे परीक्षक गुणवत्ता नुसती ओळखत नाहीत, तिची बाजारातली किंमतही ठरवतात. परतूरच्या ज्या मुलीला अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळतं ती पुढच्या वर्षी पुन्हा रंगमंचावर येते. जिची चिठ्ठी सकाळी नऊची निघाली होती, ती कदाचित येत नाही.

परीक्षकाची स्वतःशीच किती संगती असते, हा प्रश्नही कुणीतरी विचारून झाला आहे. कॅलिफोर्निया राज्य मेळ्यातल्या वाइन स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी परीक्षकांसमोर एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा ठेवली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार जेमतेम १० टक्के परीक्षकांनी तिन्ही वेळा जवळपास सारखेच गुण दिले. वाइन आणि भारूड यांची तुलना करू नये हे खरं. पण भारुडाच्या बाबतीत असा प्रयोग करताच येत नाही, कारण तोच प्रयोग पुन्हा तसाच होत नाही. त्यामुळे तिथला परीक्षक आपल्या चुकीबद्दल कायमचा निर्धास्त असतो. चिया-जंग त्साय यांचा २०१३ चा अभ्यास तर संगीतवाल्यांनी मनावर घ्यावा असा आहे. संगीत स्पर्धांचे विजेते ओळखायला सांगितल्यावर लोकांना नुसता आवाज ऐकून ते ओळखता आले नाहीत, आवाज बंद केलेली चित्रफीत पाहून मात्र बऱ्यापैकी ओळखता आले, आणि यात संगीतातले जाणकारही आले. समूहगायनाच्या संघांना एकसारखे फेटे का बांधतात, ते यावरून कळावं.

आता बेरजेकडे येतो, कारण सगळ्यात जास्त अन्याय तिथे होतो आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. समजा तीन परीक्षक आहेत आणि दोन एकांकिका. पहिला परीक्षक मोकळ्या हाताचा: एका एकांकिकेला ९०, दुसरीला ६०. बाकीचे दोघं जपून गुण देणारे. एक पहिलीला ७१ आणि दुसरीला ७६ देतो. दुसरा पहिलीला ७२ आणि दुसरीला ७५. तिघांपैकी दोघांना दुसरी एकांकिका अधिक आवडली आहे. बेरीज मात्र पहिलीची २३३ आणि दुसरीची २११. करंडक पहिलीला. यात कुणी लबाडी केली नाही. फक्त ज्याचा हात सैल त्याचं मत जड झालं. गुणांऐवजी प्रत्येक परीक्षकाकडून क्रमांक मागवले असते तर निकाल उलटा लागला असता. हा पेच फार जुना. फ्रान्समध्ये बोर्दा यांनी १७७० मध्ये आणि कोंदोर्से यांनी १७८५ मध्ये मतमोजणीचे वेगवेगळे मार्ग मांडले तेव्हापासून हे माहीत आहे, की मोजण्याची पद्धत बदलली तर विजेता बदलू शकतो. आपल्याकडच्या आयोजकांनी निदान एवढं करावं: गुण जोडण्याआधी तिन्ही परीक्षकांचे क्रमांक शेजारी मांडून पाहावेत, आणि तफावत दिसली तर तिघांना बसवून बोलायला लावावं. गुणपत्रिका गोळा करून कार्यालयातल्या कुणाकडून बेरीज करून घेणं, याला परीक्षण म्हणत नाहीत.

गणेशोत्सवाचं उदाहरण याहून वेगळं, आणि जिल्ह्याच्या दृष्टीने बोलकं. २०२२ पासून राज्य शासन उत्कृष्ट सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांची स्पर्धा घेऊ लागलं. पहिल्या वर्षीची रचना अशी: मुंबई, मुंबई उपनगर, ठाणे आणि पुणे या जिल्ह्यांतून प्रत्येकी ३ मंडळं, उरलेल्या ३२ जिल्ह्यांतून प्रत्येकी १, अशा एकूण ४४ शिफारशी राज्य समितीकडे जाणार. राज्यातल्या पहिल्या तिघांना ५ लाख, अडीच लाख आणि १ लाख, बाकीच्या ४१ मंडळांना प्रत्येकी २५ हजार. जिल्ह्याची समिती मंडपांना भेट देणार आणि मंडळाकडून व्हिडिओ व कागदपत्रं घेणार. निकष म्हणजे पर्यावरणपूरक मूर्ती, थर्माकोल-प्लास्टिकविरहित सजावट, आवाजाचं प्रदूषण नाही, प्रबोधनाचा देखावा, सामाजिक कामं, भाविकांची सोय.

या रचनेत जालन्याला जागा एक होती. जिल्ह्यात दुसऱ्या क्रमांकावर राहिलेलं मंडळ पुण्यातल्या तिसऱ्या मंडळापेक्षा कितीही सरस असलं, तरी राज्य समितीच्या टेबलावर त्याची फाईल पोचणारच नव्हती. लोकसंख्येच्या हिशेबाने हे समर्थनीय असेल, पण मग निकालाला 'राज्यात पहिला' म्हणताना थोडं थांबावं. दुसरं, वरच्या समितीपुढे असतात ते व्हिडिओ आणि कागद. ज्या मंडळात कुणाचा तरी भाचा चांगलं चित्रीकरण करतो आणि एखादे गुरुजी वर्षभराच्या उपक्रमांची कात्रणं फाईलला लावून ठेवतात, ते मंडळ पुढे जातं. ज्या गल्लीने दहा दिवस डीजेशिवाय, कुणाला त्रास न देता उत्सव केला पण त्याचा फोटो काढून ठेवायचं कुणाला सुचलं नाही, त्या गल्लीला शून्य. पुरस्काराचा निकष उत्सवाला वळण लावतो हे या योजनेचं खरं यश, आणि तिची मर्यादाही तीच: पुढच्या वर्षी मंडळं उत्सव निकषांप्रमाणे करतात, निदान कागदोपत्री.

जालन्यातच याची दुसरी बाजू आहे. धुळवडीला निघणारी हत्ती रिसाला मिरवणूक शंभरावर वर्षं चालू आहे, अंबडचा दत्तजयंतीचा संगीत महोत्सवही पिढ्यान्‌पिढ्यांचा. तिथे ना गुणतक्ता ना पहिला-दुसरा, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही.

पुस्तकांच्या पुरस्कारांत परीक्षक आणखी आड असतात. गुढीपाडव्याला जालन्यात 'कवितेचा पाडवा' होतो आणि राय हरिश्चंद्र साहनी 'दुःखी' या जालन्याच्या उर्दू कवीच्या नावाने कवीला पुरस्कार दिला जातो. उर्दू कवीच्या नावाचा पुरस्कार मराठी कवितेला, ही या शहराची मोठी गोष्ट. पण अशा कुठल्याही काव्यपुरस्कारात शेवटच्या फेरीत दुसरे कोणते संग्रह होते हे वाचकाला सहसा कळत नाही. एकांकिकेत हरलेला संघ निदान सगळ्यांसमोर हरतो. कवी हरला हे त्याचं त्यालाही कळत नाही. या बाबतीत साहित्य अकादमीची पद्धत बरी. तज्ज्ञांच्या याद्या, मग प्राथमिक मंडळ, मग प्रत्येक भाषेसाठी तीन परीक्षक, आणि पुरस्कार जाहीर होताना त्या तिघांची नावंही प्रसिद्ध. नावं छापली की जबाबदारी येते. राज्य नाट्य स्पर्धेच्या निकालातही 'परीक्षक म्हणून यांनी काम पाहिले' असं नावांसह दिलेलं असतं, ही त्या स्पर्धेची चांगली सवय.

नाट्य स्पर्धेचा विषय निघाला म्हणून बक्षिसांच्या वाटपाबद्दल. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या या स्पर्धेत प्राथमिक फेरी केंद्राकेंद्रांवर होते, साधारणपणे तीन परीक्षक असतात, आणि सांघिक क्रमांकांखेरीज दिग्दर्शन, प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगभूषा, अभिनयाची रौप्यपदकं, गुणवत्ता प्रमाणपत्रं अशी मोठी यादी लागते. यादी वाचताना दिसतं की जवळजवळ प्रत्येक संघाच्या पदरात काही ना काही पडलेलं आहे. हे योगायोगाने होत नाही आणि त्यात फार वावगंही नाही. छोट्या गावातून टेम्पोत सेट भरून आलेला संघ रिकाम्या हाताने परतला तर पुढच्या वर्षी येणार नाही, हे तिन्ही परीक्षकांना कळतं. कान महोत्सवानेही एका चित्रपटावर अनेक मोठी पारितोषिकं लादायची नाहीत असा नियम करून ठेवला आहे. तिथेही वाटणीच आहे, फक्त ती नियमात लिहिलेली. आपल्याकडे ती मनात असते, आणि मग 'उत्कृष्ट प्रकाशयोजना' मिळालेल्या मुलाला हे आपल्या प्रकाशयोजनेचं कौतुक आहे की संघाच्या प्रवासाचं, हे समजत नाही. 'उत्तेजनार्थ' हे बक्षीस याच्यापेक्षा प्रामाणिक. ते आपलं कारण नावातच सांगतं.

याच्या उलट टोकाला पुण्यातला २०२२ चा निकाल. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासूनची. त्या वर्षी परेश मोकाशी आणि त्यांचे सहपरीक्षक यांनी अंतिम फेरीनंतर मानाचा करंडक कुठल्याच संघाला दिला नाही. स्पर्धेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं आणि गदारोळ झाला. 'आलेल्यांतला उत्तम निवडणं हेच तुमचं काम' असं एका बाजूचं म्हणणं; 'करंडकाची एक पातळी असते' असं दुसऱ्या बाजूचं. अमेरिकेत २०१२ मध्ये पुलित्झरच्या कथासाहित्य पुरस्काराच्या बाबतीत काहीसं असंच घडलं होतं, पण तिथे परीक्षकांनी तीन कादंबऱ्या पुढे केल्या होत्या आणि वरच्या मंडळाचं कुठल्याही एकीवर बहुमत झालं नाही. पुण्यात नकार परीक्षकांचाच होता. मी त्यांच्या बाजूने आहे, एका अटीवर. करंडक नाकारण्याचा अधिकार परीक्षकांना आहे हे पत्रिकेत आधी छापलेलं असावं, आणि नाकारताना कारणं लेखी, संघागणिक द्यावीत. करंडक देताना कारण नसलं तरी चालून जातं. नाकारताना चालत नाही.

इथवर परीक्षकांच्या आतल्या गोष्टी झाल्या. पण निर्णय 'अंतिम' असतो का? २०१७ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात 'भारतीय पॅनोरमा' विभागासाठी १३ जणांच्या निवड मंडळाने निवडलेले रवी जाधव यांचा मराठी 'न्यूड' आणि सनलकुमार शशिधरन यांचा मल्याळम 'एस. दुर्गा' हे चित्रपट माहिती व प्रसारण मंत्रालयाने यादीतून वगळले. मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्र शासनाने याच्याही पुढचं पाऊल टाकलं. कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'च्या अनुवादासाठी अनघा लेले यांना राज्य वाङ्मय पुरस्कार ६ डिसेंबरला जाहीर झाला आणि १२ डिसेंबरच्या शासन निर्णयाने तो रद्द झाला; निवड करणारी समितीही बरखास्त. लक्ष्मीकांत देशमुख, प्रज्ञा दया पवार, नीरजा, हेरंब कुलकर्णी यांनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले; शरद बाविस्कर आणि आनंद करंदीकर यांनी आपापले पुरस्कार नाकारले. पुस्तकाबद्दल कुणाचं काहीही मत असो, समिती नेमायची, तिच्याकडून निर्णय घ्यायचा आणि तो न पटल्यावर समितीच नाहीशी करायची, यात परीक्षण राहतच नाही. परीक्षक हे फक्त जाहीर करण्यापुरते उरतात.

परीक्षकांच्या वतीने कोण बोलणार, हाही प्रश्न २०२२ मध्येच इफ्फीत आला. समारोपाच्या व्यासपीठावरून परीक्षक मंडळाचे अध्यक्ष नादाव लापिद यांनी 'द काश्मीर फाइल्स'वर कडक टीका केली. भारतीय सदस्य सुदिप्तो सेन यांनी ते वैयक्तिक मत ठरवलं, तर बाकीच्या तिघांनी नंतर लापिद यांना पाठिंबा दिला. निकालासोबत परीक्षकांचं एकत्रित लेखी निवेदन असतं तर हा घोळ टळला असता. अध्यक्षाचं वजन आपण समजतो तेवढं नसतं, हेही लक्षात ठेवावं. २०१८ च्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्ष शेखर कपूर यांनीच सांगितलं होतं की श्रीदेवींना पुरस्कार देऊ नये यासाठी त्यांनी सहकाऱ्यांशी वाद घातला. पुरस्कार 'मॉम'साठी श्रीदेवींनाच मिळाला.

जिल्ह्याच्या पातळीवर वरून हस्तक्षेप क्वचित होतो, पण ओळखीपाळखी दाट असतात. नाटकवाल्यांचं वर्तुळ लहान. परीक्षक कुणाचा तरी गुरू, कुणाचा सहकलाकार, कुणाचा व्याही. म्हणून 'बाहेरचे परीक्षक' आणायची पद्धत. ती ठीकच, पण बाहेरच्याची अडचण वेगळी. परतुरातली बोली, तिथला विनोद, पाण्याच्या टँकरवरचं एखादं वाक्य ऐकून सभागृह का हसलं हे त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही. पुण्यामुंबईचं प्रमाण डोक्यात घेऊन आलेला परीक्षक मराठवाडी संवादाला 'उच्चार अस्पष्ट' असा शेरा मारून जातो. दोन बाहेरचे आणि एक इथला, जो त्या वर्षी कुठल्याही संघाशी जोडलेला नाही, ही वाटणी मला बरी वाटते. नातं असलेल्या संघाच्या वेळी परीक्षकाने तक्ता कोरा ठेवावा आणि ते जाहीर सांगावं. यात अपमान काही नाही.

जालन्यातल्या आणि आसपासच्या स्पर्धांच्या आयोजकांना म्हणून एवढीच विनंती. पत्रिका छापाल तेव्हा शेवटच्या कलमाच्या वर चार ओळी वाढवा: परीक्षकांची नावं, गुण जोडणार की क्रमांक, बरोबरी झाल्यास काय, आणि करंडक रोखून ठेवण्याचा अधिकार आहे की नाही. परीक्षकांना दोन प्रयोगांमध्ये दहा मिनिटं द्या आणि दिवसाच्या शेवटी पहिल्या दोन संघांचे गुण पुन्हा पाहायला सांगा. मानधन देताना त्यात लेखी अभिप्रायाचंही काम धरा. आणि संघांनो, निकाल पटला नाही तर आरडाओरडा करण्याआधी आयोजकांकडे आपल्या गुणतक्त्याची प्रत मागा. ती दिली नाही तर पुढच्या वर्षी प्रवेशिका भरताना त्याचा विचार करा.